गिअरबॉक्सचा मारुती

आमच्या वर्कशॉपमध्ये मारुतीराय आले ते एस.टी.नं, एका फौजीच्या मांडीवर बसून. अंगावर पंचा, गळ्यात रुईच्या पानांची माळ आणि सगळीकडं शेंदूर. फौजींनी पंचा सोडला आणि देव थेट माझ्या टेबलावरच्या नव्याकोऱ्या ड्रॉइंगवर ठेवला. कागदावर तेलाचा हा एवढा डाग पसरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आदी पाया पडा, मग बोला."

मी पाया पडले. तसा माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, पण देवापुढं कसलं भांडण? पाया पडून नीट बघितलं, तर देव म्हणजे ॲल्युमिनियमचं एक झाकण होतं. जेवणाच्या ताटाएवढं, मध्ये फुगीर, दोन बाजूंना दोन कान. एका कानापासून निघालेली चीर पार मध्यापर्यंत गेली होती.

"पवनचक्कीच्या गिअरबॉक्सचं हाय," फौजी म्हणाले. "कंपनी कवाच बंद पडली. पुण्याला इचारलं, कोल्हापूरला इचारलं. असलं झाकण कुठंच मिळंना. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. करून द्या."

आमचं वर्कशॉप सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे. सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, सुरू केलेलं. फौंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न करून द्यायचे, हा आमचा धंदा. पॅटर्न म्हणजे वस्तूची लाकडी प्रतिकृती. ती वाळूत दाबायची, उठलेल्या साच्यात धातू ओतायचा, की झाली वस्तू तयार. आमच्या ह्यांना लाकडाच्या भुशानं शिंका यायच्या, म्हणून ते बँकेत चिकटले आणि दुकान आलं माझ्या आणि धाकट्या दिरांच्या गळ्यात. भाऊजी पटाशीवर बसणार, मी ड्रॉइंगवर. पुढं मी हट्टानं थ्री-डी प्रिंटर आणला, तेव्हापासून आमच्यात रोज एक तरी खटका उडतोच.

प्रिंटर काय करतो, तर प्लॅस्टिकची बारीक तार वितळवून थरावर थर देत वस्तू उभी करतो. भाऊजींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, सोऱ्या. "वहिनी, चकल्या कधी पाडताय?" असं येता-जाता विचारायचे. मी म्हणायचे, "तुमचं काम काढत जायचं, माझं घालत जायचं. तुम्ही अर्धा सागवान भुशात घालवता, माझ्या मशीनचा कचरा मुठीत मावतो." त्यावर ते भुसा झाडत म्हणायचे, "व्हय, पण माझ्या भुशावर शेजारणीचा बंब तरी पेटतो."

तर फौजी. ते पाटणच्या वरच्या पठारावरचे. सैन्यातून आल्यावर ह्या एका जुन्या चक्कीवर ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथंच रमले. पहिल्यांदा शिडी चढून वर गेले, तेव्हा गिअरबॉक्सच्या टोकाचं हे झाकण दोन कान टवकारून त्यांच्याकडं बघत होतं म्हणे. "मला वळखूच आली," ते म्हणाले. "वाऱ्यावर चालणारं मशीन. त्यात वाऱ्याचा ल्योक नगं?" झालं. तेव्हापासून दर शनिवारी तेल आणि शेंदूर.

"आणि परगावी निघालेला देव उघडाबोडका कसा पाठवायचा? म्हणून आज सकाळी जरा जास्तीच लावलाय," असंही त्यांनी कौतुकानं सांगितलं.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. चक्कीचे मालक आमच्या सांगलीचेच, हळदीचे व्यापारी. करातून सूट मिळायची त्या काळात त्यांनी ही चक्की घेतली होती. आता शेजारच्या दोन जुन्या चक्क्या भंगारात निघाल्या होत्या आणि त्या उतरवायला पावसाच्या आधी क्रेन पठारावर येणार होती. मालक म्हणाले होते, एवढी मोठी क्रेन येतीच आहे, तर आपलीही त्याच फेरीत काढू. क्रेन यायच्या आत चालू झाली तर राहू दे, नाही तर जाऊ दे.

"एका झाकणापायी?" मी विचारलं.

"एका झाकणापायी! गिअर ठणठणीत, पाती ठणठणीत. पर झाकण फुटलं की तेल गळतंय, तेल गळलं की मशीन बंद. नवा गिअरबॉक्स घ्यायचा तर चक्कीच्या किमतीच्या वर जातोय."

मला मालकाचाही राग आला, बंद पडलेल्या कंपनीचाही आला आणि त्या न बघितलेल्या क्रेनचाही आला. एवढं धिप्पाड मशीन ताटाएवढ्या तुकड्यापायी भंगारात? मी म्हणाले, "ठेवा इथं. करते."

फौजी गेल्यावर भाऊजींनी झाकण हातात घेतलं. "वहिनी, घासून स्वच्छ करू का? तारेच्या ब्रशनं?"

"खबरदार! देव आहे तो. घासायला काय तवा आहे?"

मी रुईची माळ काढून नीट कोनाड्यात ठेवली. वरचा ओला शेंदूर हलक्या हातानं पुसून घेतला. खाली कठीण पृष्ठभाग लागला, तो धातूच असणार असं धरून चालले. चकाकणारी वस्तू स्कॅनरला नीट दिसत नाही म्हणून आम्ही तिच्यावर पांढरी पावडर फवारतो, तशी फवारली. मारुती पांढराफटक झाला. मग स्कॅनर हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवला आणि झाकण कॉम्प्युटरवर आलं. त्यातली चीर मी बुजवली. ॲल्युमिनियम निवताना आकसतं, तेवढं माप वाढवून घेतलं. रात्रभर प्रिंटर चालला आणि सकाळी पॅटर्न हातात आला. भाऊजींनी बोट फिरवून बघितलं. आवडल्याचं तोंडावर दिसत होतं, पण बोलतील तर शपथ. शेजारच्या फौंड्रीत ओतून घेतलं, लेथवर फिरवून घेतलं, आणि तयार झालं नवं झाकण, अगदी लख्ख.

ते बसवायला मी आणि भाऊजी गाडी घेऊन निघालो. कराडच्या पुढं ऊस संपत गेला आणि घाट चढून वर गेलो तर नुसतं उघडं पठार. तिथं उभं राहिलं की वारा कानात बोटं घातल्यासारखा घुसतो. रांगेनं चक्क्या उभ्या होत्या. काही गरागरा फिरत होत्या, काही गप्प. आमची त्या गप्प चक्क्यांतली.

तिच्या पलीकडं जमिनीवर तीन भलीमोठी पाती पडली होती. आधीच कधीतरी उतरवलेल्या एका चक्कीची. त्यांच्या सावलीला शेळ्या बसल्या होत्या. मी फौजींना विचारलं, "ही का नाही नेली?"

"कोण नेणार? लोखंड गेलं, तांबं गेलं. ही फायबरची. जळत न्हाईत, कुजत न्हाईत, इकत बी न्हाईत. शेळ्या तेवढ्या खूश हायती." मग हसणं थांबवून ते म्हणाले, "बाई, एक सांगू? ही चक्की उभी हाय ती जागा आमची. आमच्या म्हाताऱ्यानं दिली. तवा काय, वरी हुता का नाचणी हुती, वारं आलं की झोपायची समदी. म्हातारा म्हणला, वाऱ्यानं आमास्नी कवा काय दिलं न्हाई, निदान ह्या चक्कीवाल्यांस्नी तरी देईल. जमीन गेली, पर तिच्यावर कायतरी फिरत हाय, दिवं लागत्यात कुठंतरी, ह्येचं समाधान हुतं. आता ही बी उतरवली, तर मागं काय ऱ्हाणार? सिमिटाचा ओटा आणि असली तीन पाती. मग कशापायी गेली वं जमीन?"

भाऊजी उगाच गाडीची काच पुसायला लागले.

फौजी झाकण पाठीवर बांधून वर गेले आणि बसवून आले. झाकण बसलंही कसं, जणू आईच्या कुशीतलं पोर. दुपारी वारा वाढला, चक्की कुरकुरली आणि फिरायला लागली. फौजींनी टाळी वाजवली, सातारचे कंदी पेढे काढले. भाऊजींनी तर चक्क मला हात जोडले. "मानलं बाई तुमच्या सोऱ्याला!" एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा हे वाक्य निघालं. मी पेढा तोंडात टाकला, मान वर करून बघितलं, आणि घास तोंडातच राहिला. खांबाच्या पांढऱ्या रंगावरून वरून खाली एक काळी रेघ उतरत होती. रडलेल्या बाईचं काजळ ओघळावं तशी.

तेल गळत होतं.

फौजी धावत गेले आणि त्यांनी मशीन बंद केलं. परत आले तेव्हा चेहरा पडलेला. "मारुती रुसला," एवढंच म्हणाले.

"मारुती नाही रुसला!" मी ओरडलेच. "काहीतरी चुकलंय, आणि मारुतीला मध्ये घालू नका!" ओरडून झाल्यावर वाईट वाटलं, कारण फौजी माझ्यावर चिडले नव्हते, ते नुसते त्या काळ्या रेघेकडं बघत होते.

परतीच्या वाटेवर कराड येईपर्यंत मी गप्प. भाऊजींना शांतता सोसत नाही. "वहिनी, दिवाळीला निदान चकल्या तरी करू त्याच्यात," ते म्हणाले. मी त्यांच्याकडं असं काही बघितलं की पुढं सांगलीपर्यंत ते फक्त हॉर्न वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी जुनं झाकण समोर घेऊन बसले. माप जुळत होतं. पुन्हा मोजलं, पुन्हा जुळलं. बोल्टची भोकं बरोबर, जाडी बरोबर, काठ बरोबर. मग गळतं कुठून? तेवढ्यात मालकांचा फोन आला. क्रेन सोमवारी पठारावर पोचतीय, तुम्ही आता त्रास घेऊ नका, तुमचं बिल पाठवा. गोड बोलून फोन ठेवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बिल पाठवा म्हणे! मी हातातलं झाकण टेबलावर दाणकन आपटलं.

टक्, असा आवाज झाला आणि झाकणाच्या काठाचा एक टवका उडाला.

"अगं बाई, देव फुटला!" मी घाबरून उठले. पण उडालेला टवका ॲल्युमिनियमचा नव्हता. बघते तर पुरणपोळी मोडल्यावर पदर दिसावेत तसे थर. भगवा, करडा, भगवा, करडा. आणि टवका उडाला तिथं, काठाच्या आतल्या बाजूला, बोट बसेल एवढी खोल खाच.

"भाऊजी!" मी अशी हाक मारली की शेजारच्या फौंड्रीतली माणसंसुद्धा बघायला आली.

भाऊजींनी डोळे बारीक करून बघितलं. "ही तर रिंगची खाच. कुकरच्या झाकणात रबर बसतं तशी रिंग इथं बसायची, वहिनी. आपण रिंगेची जागाच ठेवली नाही. बिनरिंगेचा कुकर लावला आपण!"

आमच्या कॉम्प्युटरला ती खाच दिसलीच नव्हती, कारण ती शेंदरानं काठोकाठ भरली होती आणि वरून मी पांढरी पावडर मारून सगळ्याला एकाच रंगाचं करून टाकलं होतं. मी इमानानं, पाया पडून, माझं हजारोंचं मशीन चालवून धातूबरोबर फौजींच्या कित्येक वर्षांच्या शनिवारांचीसुद्धा नक्कल करून ठेवली होती. मला हसूच फुटलं. भाऊजी तर खाली भुशात बसले हसता हसता.

फौजींना फोन केला. ते पहिल्या एस.टी.नं आले. तुटलेला टवका बघितल्यावर त्यांनी तो कपाळाला लावला. "कवच सोडलं देवानं," म्हणाले. आमच्याकडं गावोगावच्या मारुतीचं शेंदराचं कवच कधीतरी आपोआप सुटतं, आणि ते चांगलं लक्षण मानतात. त्यामुळं मी देव आपटला हे सांगायची वेळच आली नाही. भाऊजी मात्र तोंडावर हात धरून खोकत होते.

बाकीचं कवच फौजींनी स्वतः काढलं. स्क्रू-ड्रायव्हर लावू दिला नाही. कोमट तेल सोडायचे आणि अंगठ्याच्या नखानं एकेक पदर सोडवायचे, लहान पोराच्या डोक्यावरची खपली काढावी तसं. मग करड्या थरांचा उलगडा झाला. दर काही वर्षांनी रंगवाले यायचे आणि आतलं सगळं मशीन करड्या रंगानं रंगवून जायचे, मारुतीसकट. फौजी पुढच्या शनिवारी त्याच्यावर पुन्हा शेंदूर चढवायचे. असं दोघांचं चाललं होतं, एकमेकांना कधी न भेटता.

खाचेच्या तळाशी काळा भुगा निघाला. भाऊजींनी तो बोटांत चोळला. "हे रबर. कधीच कुजून गेलंय."

"कुजलंय? मग इतकी वर्षं तेल का नाही गळलं?" मी म्हणाले.

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. मग भाऊजी सावकाश म्हणाले, "वहिनी, आपले दादा पाण्याच्या पायपाला आट्यांवर काय लावायचे, आठवतंय? तेलात कालवलेला शेंदूर. वाळला की दगड. थेंब गळायचा नाही. इथं रबर कुजत गेलं तसा शेंदूर फटीतून आत मुरत गेला."

फौजींनी पाठ ताठ केली. मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी तेल कोण थोपवून धरत हुतं?"

मी काय बोलणार? "मारुती," म्हणाले.

"आणि मी काय म्हणत हुतो?"

"बरं, बरं. जिंकलात!" वादात हार मानायची मला सवय नाही, पण त्या दिवशी हरायला मजा आली.

आता घाई होती. फौजींनी तिथूनच मालकांना फोन लावला. सैन्यात वरिष्ठांशी बोलावं तसे उभं राहून बोलले, "मालक, अजून एक डाव द्या. फकस्त एक. न्हाई जमलं तर पहिला नट मी सोडीन." मालक बराच वेळ काहीतरी बोलत होते. शेवटी फौजी "व्हय जी" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. सोमवारी मालक स्वतः पठारावर येणार होते. क्रेनही तिथंच असणार होती. तोवर जे व्हायचं ते होईल.

स्वच्छ झाकण पुन्हा स्कॅन केलं. ह्या वेळी खाच आली, रिंगेची जागा आली, सगळं जसंच्या तसं. लाकडाचा पॅटर्न असता तर नवा कोरायला भाऊजींना आठवडा गेला असता. इथं कॉम्प्युटरमध्ये दुरुस्ती केली आणि मशीन लावलं. मात्र ह्या वेळी माझ्या मनानं एक गोष्ट वाढवली. झाकणाच्या मधल्या फुगीर भागाभोवती एक बारीक उठावाची कड, गोल. भाऊजींनी विचारलं, "हे काय? ड्रॉइंगमध्ये नाही."

"ही हद्द आहे. हिच्या आत देव, बाहेर गिअरबॉक्स. शेंदूर कडेच्या आतच लावायचा."

भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला, पण त्या दिवशी प्रिंटर चालू असताना ते शेजारी स्टूल टाकून शेवटपर्यंत बसून राहिले. मी काही बोलले नाही. बोलले असते तर उठून गेले असते.

सोमवारी पठारावर आम्ही पोचलो, तर क्रेन उभी. तिचा तो लांबलचक हात शेजारच्या चक्कीकडं वळलेला. मालक गाडीत बसून होते, काच अर्धी खाली. मी ठरवलं होतं, ह्या वेळी झाकण माझ्या हातानं बसवायचं. मी कमरेला बांधायचा सुरक्षेचा पट्टा मागितला तर फौजी म्हणाले, "बाई, लय उंच हाय. जमंल का तुमास्नी?"

"का नाही जमायचं? सांगलीतल्या उन्हाळ्यात गच्चीवर गहू वाळत घालून बघा, मग उंचीचं बोला!"

ह्याला काहीच अर्थ नव्हता, पण मला पट्टा मिळाला. भाऊजी खालीच राहिले. त्यांना आमच्या गच्चीवरसुद्धा गरगरतं. मी खांबाच्या आतल्या शिडीनं चढायला लागले. निम्म्यावर गुडघे म्हणाले, ताई, हे काय वय आहे का? मी त्यांना गप्प केलं. वर पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता, आणि फौजी माझ्या मागून गुणगुणत आले, जसं काही बाजाराला निघालेत.

वरची खोली म्हणजे लोखंडाचं माजघर. वाकून वावरायचं. गिअरबॉक्सच्या टोकाला उघडं तोंड वाट बघत होतं. रबरी रिंग तेलात बुडवून मी खाचेत बसवली, झाकण लावलं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले. काम झाल्यावर फौजींनी शर्टातून शेंदराची डबी काढली.

"थांबा!" मी म्हणाले आणि उठावाची कड दाखवली. त्यांनी ती बोटानं चाचपली. मला वाटलं, देवाला हद्द घातली म्हणून रागावतील. ते खुदकन हसले. "गाभारा करून दिला की वं तुमी!" आणि अगदी काठाला न लागता, मध्यभागी, एकच बोट ओढलं. मग खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून झाकणाखाली पसरला. गळलं तर त्याच्यावर डाग पडणार.

खाली आलो. आणि वारा पडला.

पठारावर वारा नाही, असं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. शेळ्यासुद्धा गोंधळल्या. क्रेनवाला घड्याळ बघत होता. मालक गाडीतून उतरले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, माझंही मन होत नाही हो. पण बंद मशीन किती दिवस सांभाळायचं?" माणूस वाईट नव्हता. त्यामुळं मला रागावताही येईना, आणि रागावता आलं नाही की मला जास्त त्रास होतो. फौजी लांब, त्या तीन पात्यांच्या जवळ, कुणाकडं न बघता उभे होते. हात पाठीमागं बांधलेले. मी मनातल्या मनात मारुतीला म्हणाले, बाबा रे, तुला आपटलं ती मी. ह्या माणसाचा काय दोष?

दुपार कलली तेव्हा माझी ओढणी हलली. मग गवत झुकलं. मग वरून तो आवाज आला, आधी करकर, मग लांब श्वास टाकल्यासारखा. पाती हलली. सगळे माना वर करून खांबाकडं बघायला लागले, क्रेनवालासुद्धा. मी पेढा नको म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं.

चक्की फिरत राहिली. खांब पांढराच होता. तरी मालक म्हणाले, वर बघून यायला पाहिजे. भरपूर वेळ चालू ठेवून फौजींनी मशीन थांबवलं आणि ते वर गेले. उतरले तेव्हा रुमाल त्यांच्या हातात होता. उघडून त्यांनी तो मालकांच्या हातावर ठेवला. मालकांनी उलटापालटा केला, उन्हात धरला, वासही घेतला. रुमाल कोरडा होता.

मालकांनी क्रेनवाल्याला हात केला. "पुढं जा तू. ही राहू दे."

भाऊजी नाचायचेच बाकी होते. फौजींनी मशीन पुन्हा सुरू केलं, पण त्यांच्या तोंडावर अजून काळजी होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, अजून एक झाकण करून द्या. जादाचं. फडताळात ठिवतो. पुन्यांदा फुटलं तर? तवा मी असंन नसंन, तुमी असाल नसाल."

"जादाचं करून ठेवायची गरजच नाही," मी म्हणाले. "ह्याचा आकार आता कॉम्प्युटरमध्ये आहे. तुमच्या मोबाईलवरही पाठवते. कधीही, कुठल्याही गावात, माझ्यासारखा प्रिंटर असलेल्या कुणाकडंही तो द्या, पॅटर्न निघेल आणि फौंड्रीत झाकण ओतून मिळेल."

"कंपनी नसली तरी?"

"कंपनी नसली तरी."

"आपून नसलो तरी?"

"तरी."

त्यांनी वर फिरणाऱ्या पात्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी ह्येला मराण न्हाई?"

मला खोटं बोलवेना. "आहे हो. पाती झिजतील, गिअर झिजतील, मरण सगळ्यालाच आहे. पण आता एका झाकणापायी नाही मरणार ती."

फौजींनी मान हलवली, मोबाईल काढला आणि घरी लावला. "ऐकतीस का?" ते म्हणाले. "क्रेन गेली. व्हय, गेली, मोकळीच गेली. आपल्या रानात चक्की हाय. हाय म्हंजी..." आणि पुढचं त्यांना बोलता येईना. कसंबसं त्यांनी मोबाईल माझ्या हातात कोंबला आणि पाठ फिरवली.

पलीकडून बाईंचा घाबरलेला आवाज आला, "आवं, काय झालं? हे रडत्यात का काय?"

"छे हो," मी डोळे पुसत म्हणाले. "वारा लय सुटलाय इथं."